नेटवर्कवरून सुरू झालेल्या लॅपटॉपला नेटवर्कच सापडत नाही, तेव्हा

एखाद्या कॉलेजच्या लॅबमध्ये एकदम ४० लॅपटॉप येतात. प्रत्येकावर बसून विंडोज टाकायची म्हटलं तर आठवडा जातो. म्हणून एकावर सगळं नीट बसवायचं, त्याच्या डिस्कची हुबेहूब प्रत सर्व्हरवर ठेवायची आणि ती ‘इमेज’ बाकीच्या ३९ लॅपटॉपवर केबलमधून उतरवायची, अशी रीत पडली आहे. लॅपटॉपला केबल जोडली, सुरू होताना एफ१२ दाबलं, नेटवर्कवरून बूट निवडलं. पडद्यावर आयपी पत्ता आला, रेघ सरकत गेली, तीन-चारशे मेगाबाइटची फाइल मेमरीत उतरली आणि खिडकी उघडली. त्या खिडकीत लिहिलेलं असतं, की या लॅपटॉपमध्ये नेटवर्क कार्ड सापडलं नाही.

हे पहिल्यांदा पाहणारा माणूस केबल काढून परत लावतो, मग स्विचचं, म्हणजे सगळ्या केबली जिथे जोडलेल्या असतात त्या पेटीचं, पोर्ट बदलतो, मग सर्व्हर रीस्टार्ट करतो. यातलं काहीही बिघडलेलं नसतं. नुकतीच एवढी मोठी फाइल त्याच वाटेनं आली, म्हणजे केबल, स्विच, सर्व्हर आणि कार्ड चारही ठणठणीत आहेत. हरवलाय तो ड्रायव्हर, आणि तोसुद्धा तीनपैकी एक.

लॅपटॉपमधलं नेटवर्क कार्ड म्हणजे आता बहुतेक वेळा मदरबोर्डवरची एक छोटी चिप. तिच्याकडून डेटा पाठवून घ्यायचा, तर तिच्या ठरावीक रजिस्टरांमध्ये, म्हणजे आतल्या छोट्या कप्प्यांमध्ये, ठरावीक आकडे ठरावीक क्रमानं लिहावे लागतात. इंटेलच्या चिपचा हा क्रम वेगळा, रिअलटेकचा वेगळा. तो तपशील ज्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेला असतो, तो ड्रायव्हर. क्लोनिंगमधली, म्हणजे अशा हुबेहूब प्रती उतरवण्यातली, गोम अशी, की एकच लॅपटॉप तासाभरात तीन वेगवेगळ्या सॉफ्टवेअरांच्या हाताखालून जातो आणि प्रत्येकाला त्याच चिपसाठी स्वतःचा ड्रायव्हर लागतो.

पहिला हात फर्मवेअरचा, म्हणजे लॅपटॉपमध्येच मुरलेल्या, तो सुरू करून देणाऱ्या ज्या सॉफ्टवेअरला सवयीनं आपण अजून बायॉस म्हणतो त्याचा. डिस्क कोरी असतानाही नेटवर्कवरून सुरू होता यावं यासाठी इंटेलनं पीएक्सई नावाची पद्धत आखली, तिची २.१ ही आवृत्ती १९९९ साली आली आणि पुढची अनेक वर्षं जगानं त्यावरच काम चालवलं. लॅबमधली मंडळी तिला सरळ ‘पिक्सी’ म्हणतात. लॅपटॉप नेटवर्कवर हाक देतो, ‘मला पत्ता द्या, आणि सुरू व्हायला कोणती फाइल घेऊ तेही सांगा.’ डीएचसीपी सर्व्हर पत्ता देतो. त्याच उत्तरातल्या ६६ आणि ६७ क्रमांकाच्या रकान्यांत सर्व्हरचं आणि फाइलचं नाव असतं. मग ती फाइल टीएफटीपी या अगदी साध्या पद्धतीनं येते. साधी म्हणजे किती? ५१२ बाइटचा एक तुकडा पाठवायचा, पोचपावतीची वाट पाहायची, मग पुढचा तुकडा. या हिशेबानं ४०० मेगाबाइटच्या फाइलला सुमारे आठ लाख पोचपावत्या लागतात. पुढे मोठे तुकडे पाठवायची सोय झाली, पण रेघ गोगलगायीसारखी सरकताना दिसली तर मूळ कारण हे आहे.

या टप्प्याचा ड्रायव्हर फर्मवेअरमध्येच असतो आणि तो तिथवरच पुरतो. उतरलेली फाइल म्हणजे विंडोज पीई नावाची छोटेखानी विंडोज असते. ती उभी राहताना फर्मवेअरकडून सगळा ताबा स्वतःकडे घेते आणि फर्मवेअरचा नेटवर्क ड्रायव्हर मेमरीतून निघून जातो. आता २० गिगाबाइटची खरी इमेज आणायची जबाबदारी पीईची. तिच्याकडे तुमच्या चिपचा ड्रायव्हर नसेल, तर ज्या केबलमधून ती आली तीच केबल तिला दिसत नाही.

विंडोजआधीच्या डॉसच्या काळात हे दुखणं आणखी उघडंवाघडं होतं. न्यूझीलंडच्या मरे हॅझर्ड यांनी लिहिलेला घोस्ट हा क्लोनिंगचा प्रोग्रॅम १९९८ साली सिमँटेक या कंपनीनं विकत घेतला आणि तो इतका पसरला, की कित्येक ठिकाणी क्लोन करण्याला ‘घोस्ट मारणं’ असंच म्हणायला लागले. तेव्हा बूट फ्लॉपीवरून व्हायचं. १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीत डॉस, घोस्ट आणि कार्डाचा ड्रायव्हर कोंबायचा, म्हणून प्रत्येक जातीच्या कार्डासाठी वेगळी फ्लॉपी. थ्रीकॉमची एक, इंटेलची एक, रिअलटेकची एक, आणि त्यातली नेमकी हवी ती वाचली न जाणारी. यावर एक झकास पळवाट निघाली होती. पीएक्सईच्या नियमांत फर्मवेअरच्या ड्रायव्हरला बोलावण्याची एक समान पद्धत ठरलेली आहे, तिचं नाव यूएनडीआय. तिच्यावर बसणारा एकच डॉस ड्रायव्हर वापरला, की कार्ड कुठलंही असो, काम फर्मवेअरच करून द्यायचं. वेग कमी, पण फ्लॉप्यांचा डबा बंद. आयपीएक्सई हा मुक्त बूटलोडर, म्हणजे लॅपटॉप सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम, आजही गरज पडली तर हीच युक्ती वापरतो. विंडोज पीईला मात्र ती चालत नाही. तिला अस्सल विंडोज ड्रायव्हरच लागतो.

मग तो शोधायचा कसा? लॅपटॉपच्या झाकणावरचं मॉडेलचं नाव सर्वांत आधी सुचतं आणि सर्वांत जास्त फसवतं. एकाच मॉडेलच्या दोन खेपांमध्ये चिपा वेगळ्या निघू शकतात. भरवसा ठेवायचा तो चिपच्या स्वतःच्या ओळखक्रमांकावर. पीसीआयवर, म्हणजे मदरबोर्डवरच्या उपकरणं जोडायच्या वाटेवर, बसणारं प्रत्येक उपकरण विचारल्यावर दोन आकडे सांगतं: बनवणारा कोण आणि वस्तू कोणती. हे आकडे सोळाच्या पायातले, म्हणून त्यांत ए ते एफ ही अक्षरंही येतात. रिअलटेकचा क्रमांक १०ईसी. इंटेलनं स्वतःसाठी ८०८६ घेतला, आपल्या १९७८ च्या प्रसिद्ध प्रोसेसरचा. डिप्लोमाला ज्यांनी त्याची असेंब्ली घोकली, त्यांना हा आकडा विसरायचा म्हटलं तरी विसरता येत नाही.

लॅपटॉपवर आलेली मूळ विंडोज अजून पुसली नसेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग डिटेल्स, मग हार्डवेअर आयडीज निवडायचं. ‘व्हेन’च्या पुढे बनवणाऱ्याचा क्रमांक, ‘डेव्ह’च्या पुढे वस्तूचा. पुसली असेल तर कुठलीही लिनक्स पेन ड्राइव्हवरून सुरू करून ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा द्यायची. म्हणून पहिला लॅपटॉप पुसण्याआधी हे आकडे टिपून ठेवावेत.

रिअलटेक आणि इंटेल या दोन कंपन्यांच्या सवयी मात्र उलट्या आहेत. रिअलटेकनं गिगाबिट चिपांच्या कितीतरी पिढ्या ८१६८ या एकाच क्रमांकाखाली विकल्या. ड्रायव्हरला आत डोकावून, ही नेमकी कुठली पिढी, ते ओळखावं लागतं. जुना ड्रायव्हर क्रमांक पाहून ‘ओळखलं’ म्हणतो आणि मग अडखळतो. इंटेलनं आपल्या चिपचं आय२१९ हे नाव वर्षानुवर्षं तेच ठेवलं, पण जवळपास प्रत्येक पिढीला नवा क्रमांक दिला. त्यामुळे ‘आय२१९ चा ड्रायव्हर टाकलाय की!’ ही तक्रार खरी असते आणि लॅपटॉपचं ‘सापडलं नाही’ हेही खरं असतं. मला विचाराल तर इंटेलची सवय बरी. निदान नकार स्पष्ट मिळतो.

ड्रायव्हर उतरवला की तो बहुधा एक्झी फाइल म्हणून येतो. पीईला ती उपयोगाची नाही. ती सेव्हन-झिपनं उलगडायची आणि आतल्या आयएनएफ, सिस आणि कॅट अशा तीन फायली मिळवायच्या. आयएनएफ ही साधी मजकूर फाइल आहे. नोटपॅडमध्ये उघडून आपला क्रमांक शोधायचा. नसेल तर हा ड्रायव्हर आपला नाही, मग संकेतस्थळावर काहीही लिहिलेलं असो. डेल, एचपी, लेनोव्हो या कंपन्या पीईसाठी उलगडलेल्या ड्रायव्हरांचे तयार गठ्ठे देतात, त्यांच्यापासून सुरुवात केली तर बरीच पायपीट वाचते. एक गोष्ट मात्र हमखास चुकते: ड्रायव्हर पीईच्या आवृत्तीशी जुळायला हवा, पुढे टाकायच्या विंडोजशी नव्हे. अगदी ताजा ड्रायव्हर जुन्या पीईत बसेलच असं नाही. अशा वेळी पीईच नवी बनवणं सोपं पडतं.

तो पीईत कायमचा घालण्याआधी चाखून पाहता येतो. अडलेल्या लॅपटॉपवर शिफ्ट आणि एफ१० दाबलं की बहुधा आज्ञा लिहायची काळी खिडकी उघडते. पेन ड्राइव्हवरच्या आयएनएफ फाइलचं नाव ‘ड्रव्हलोड’ या आज्ञेला द्यायचं आणि मग ‘आयपीकॉन्फिग’. यादीत काहीच नसेल तर ड्रायव्हर चुकीचा. १६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता दिसला, तर ड्रायव्हरनं आपलं काम केलंय, फक्त डीएचसीपीचं उत्तर आलेलं नाही. ताबा बदलताना चिप क्षणभर बंद होऊन चालू होते आणि काही स्विच, जोडणीत कुठे वेटोळं झालंय का हे तपासत, अशा पोर्टाला अर्धा मिनिट थोपवून धरतात. तेवढ्यात पीई कंटाळलेली असते.

ड्रायव्हर जमला की ‘डिझम’ या साधनानं बूट.विम, म्हणजे नेटवर्कवरून उतरणारी ती पीईची फाइल, उघडून तो आत टाकायचा. विंडोजच्या डीव्हीडीवरच्या बूट.विममध्ये दोन इमेजा असतात आणि सेटअप सुरू होतो तो दुसरीतून. ड्रायव्हर पहिलीत टाकून ‘तरी चालत नाही’ म्हणणारे पुष्कळ. बदललेली फाइल सर्व्हरवर चढवायची राहून जाणं हाही नेहमीचा प्रकार.

लिनक्सच्या वाटेनं गेलं तर शोधाचं स्वरूपच बदलतं. तैवानच्या राष्ट्रीय संगणन केंद्रात घडलेलं क्लोनझिला किंवा फॉग ही मोफत साधनं पीईऐवजी छोटी लिनक्स सुरू करतात आणि तिथे नेटवर्कचे ड्रायव्हर कर्नलसोबतच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यासोबतच, येतात. नव्वदच्या दशकात डोनाल्ड बेकर यांनी अमेरिकेत नासाच्या गोडार्ड केंद्रात काम करताना लिनक्ससाठी कितीतरी इथरनेट कार्डांचे ड्रायव्हर लिहून काढले, तेव्हापासूनची ही परंपरा. कार्ड ओळखलं गेलं नाही तर ड्रायव्हर शोधत बसायचं नाही, कर्नल नवा घ्यायचा. मुक्त सॉफ्टवेअरवाले बोलतातही मोकळं: फ्रीबीएसडी या लिनक्ससारख्याच मुक्त प्रणालीच्या ड्रायव्हरमध्ये रिअलटेकच्या ८१३९ या स्वस्त कार्डाची लेखकानं टिपेत केलेली खरडपट्टी जाणकारांत प्रसिद्ध आहे. ते कार्ड मात्र जगभर लाखोंनी खपलं.

एवढा खटाटोप कशासाठी, याचा हिशेब मजेदार आहे. गिगाबिटची केबल सेकंदाला जास्तीत जास्त १२५ मेगाबाइट नेते, म्हणजे २० गिगाबाइटच्या इमेजला किमान १६० सेकंद. सर्व्हरनं ३० लॅपटॉपना वेगवेगळ्या प्रती पाठवल्या तर त्याच्या एका केबलवर ८० मिनिटं जातील. मल्टिकास्टमध्ये तो एकदाच पाठवतो आणि आकाशवाणीच्या बातम्यांसारखं सगळे एकदम ऐकतात. ३० लॅपटॉपांचा वेळ जवळपास एकाएवढाच. मात्र त्यातल्या एकाची जोडणी १०० मेगाबिटवर अडकली असेल तर सगळा कळप त्याच्या चालीनं चालतो.

अलीकडच्या सडपातळ लॅपटॉपांना तर केबलचं भोकच नसतं. मग यूएसबीचं डोंगल, म्हणजे बाहेरून लावायचं छोटं नेटवर्क कार्ड, लावायचं, आणि इथे पहिला टप्पाच अडतो. फर्मवेअरमध्ये त्या डोंगलमधल्या चिपचा ड्रायव्हर नसेल तर एफ१२ च्या यादीत नेटवर्क उमटतच नाही. विंडोजमध्ये छान चालणारं डोंगल इथे मुकं राहतं. अशा वेळी लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीचं डोंगल घेणं महाग पण शहाणपणाचं. दुसरी गंमत पत्त्याची. प्रत्येक नेटवर्क चिपला ४८ बिटांचा मॅक पत्ता असतो आणि क्लोनिंगचे सर्व्हर लॅपटॉपला त्यावरून ओळखतात. एकच डोंगल फिरवत ४० लॅपटॉप केले, तर सर्व्हरच्या मते तो एकच लॅपटॉप ४० वेळा आला. काही फर्मवेअर डोंगलमागून लॅपटॉपचा स्वतःचा मॅक पत्ता पुढे करू शकतात. ती सोय चालू केली की नोंदी सुधारतात. वायफायवरून हे सगळं का नाही? कारण वायफायला जोडणीआधी पासवर्ड लागतो आणि पीएक्सईच्या नियमांत तो विचारायची जागाच ठेवलेली नाही.

तिसरा हात शेवटी उतरलेल्या विंडोजचा. ज्या मॉडेलवर इमेज बनवली त्याच मॉडेलवर उतरवली तर इथे अडत नाही. दुसऱ्या मॉडेलवर उतरवली तर इमेज शंभर टक्के जाते, लॅपटॉप सुरू होतो आणि कोपऱ्यात नेटवर्कवर फुली असते. ड्रायव्हर इंटरनेटवर आहे आणि इंटरनेटला ड्रायव्हर हवाय. यासाठी प्रत्येक मॉडेलचा एक चालता लॅपटॉप, पुसण्याआधी, कामी येतो: त्यावर ‘पीएनपीयुटिल’ या आज्ञेला ‘एक्स्पोर्ट ड्रायव्हर’ सांगितलं की बाहेरून बसवलेले सगळे ड्रायव्हर उलगडलेल्या रूपात एका फोल्डरमध्ये येऊन पडतात. ते इमेजमध्ये आधीच घालून ठेवायचे. त्यातला नेटवर्कचा फोल्डर त्याच पिढीच्या पीईलाही बहुतेक वेळा चालतो, म्हणजे दुसऱ्या टप्प्यासाठी वेगळी शोधाशोध उरत नाही.