उघाडी ते धारण तलाव : नवी मुंबईतील नाल्यांची पार्श्वभूमी

ठाणे-बेलापूर रस्त्याने जाताना ठिकठिकाणी पुलाखालून वाहणारे नाले दिसतात. आज त्यांना गटार समजले जात असले, तरी त्यांतले बहुतेक मूळचे ओढे आहेत. पारसिकच्या डोंगरातून उतरून ते पश्चिमेस ठाणे खाडीला मिळतात. घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा ही आगरी-कोळ्यांची गावे शहर येण्यापूर्वीपासून या ओढ्यांच्या आणि खाडीच्या मधल्या पट्ट्यात नांदत होती.

हा पट्टा म्हणजे खाजण, खाडीकाठची सखल खारी जमीन. डोंगराकडून पावसाचे पाणी आणि खाडीकडून उधाणाचे खारे पाणी, अशी दोन्हीकडून त्यावर चढाई होत असे. त्यावरचा उपाय खारबंदिस्तीत होता. चिखलाचा बांध घालून खाडी अडवायची आणि त्या बांधात उघाडी ठेवायची. भरतीला तिचे दार पाण्याच्या दाबानेच मिटते आणि ओहोटीला आत साठलेले गोडे पाणी दार ढकलून बाहेर पडते. पावसाने जमिनीतला खार धुऊन निघाला, की तिथे भाताचे पीक घेता येई. बांधाला खांड पडली, तर ती बुजवण्यासाठी गावाला धावावेच लागे, कारण एका उधाणात अनेकांची शेती खारी होत असे. ओढ्याच्या मुखाशी चिंबोऱ्या, निवट्या आणि कोलंबी मिळे, ती वेगळीच मिळकत.

पुढे डोंगराच्या पायथ्याशी औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने खालची खाजणे व मिठागरे भराव घालून शहरासाठी घेतली. ओढे सरळ करून त्यांना दगडी, काँक्रीटचे काठ बांधले गेले. वरच्या अंगाला कारखाने आणि खालच्या अंगाला वस्ती, अशा स्थितीत या पाण्यात काय काय मिसळले, हे वेगळे सांगायला नको. त्याची पहिली झळ मुखाशी जाळे टाकणाऱ्या कोळ्याला बसली.

शहराचे काही भाग मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली असल्यामुळे नियोजनकारांनी नाल्यांच्या शेवटाला धारण तलाव ठेवले. भरतीच्या वेळी झडपा मिटतात, पावसाचे पाणी तलावात थांबते आणि ओहोटी लागली की खाडीत जाते. ही कल्पना हॉलंडची म्हणून सांगितली जाते. तसे असेलही, पण मिटणारे दार आणि ओहोटीची वाट पाहणारे पाणी इथल्या शेतकऱ्याला नवे नव्हते. नवे होते ते एवढेच, की दाराची राखण आता गावाकडे न राहता कार्यालयाकडे गेली.

नेरूळचे ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ आणि वाशीचे ‘मिनी सीशोर’ ही फिरण्याची ठिकाणे अशाच तलावांच्या काठी आहेत, याची कल्पना सकाळी तिथे चालणाऱ्या अनेकांना नसते. नाल्यांतून वाहून येणाऱ्या गाळाने तलावांची धारणक्षमता घटते आणि त्या गाळावर खारफुटी रुजते. खारफुटीच्या तोडीवर मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये निर्बंध आणले असल्याने गाळ काढणे ही केवळ यंत्राची बाब उरलेली नाही, तिला परवानगीची वाट पाहावी लागते. ज्या खाडीला हे नाले मिळतात, तिचा काही भाग २०१५ मध्ये रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आला, त्यामुळे मुखाशी काय सोडले जाते याला आणखी वजन आले आहे.

अतिवृष्टीच्या दिवशी आता पावसाच्या अंदाजासोबत भरतीची वेळ आणि लाटांची उंचीही जाहीर होते. गावांत हा हिशेब तिथीवरून, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणावरून मांडला जात असे.