पार्श्वभूमी : घाटातली स्कूटर आणि आकाशातलं टू-स्ट्रोक

कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला येणारे जुने स्कूटरवाले उतारावर अ‍ॅक्सिलरेटरची मूठ पूर्ण बंद ठेवत नसत, अधूनमधून थोडी पिळत. त्या स्कूटरच्या टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण मिळतं ते पेट्रोलात मिसळलेल्या तेलातूनच, लिटरला साधारण वीस मिली. गिअर टाकलेला नि मूठ बंद, म्हणजे इंजिन भरभर फिरतंय आणि तेल जवळजवळ नाहीच. मग पिस्टन जाम. अल्ट्रालाइट, म्हणजे एक-दोन माणसांच्या अगदी हलक्या विमानात असंच टू-स्ट्रोक इंजिन असेल, तर वैमानिकालाही खाली उतरताना हीच धास्ती असते.

हे इंजिन मुळात उडण्यासाठी बनलंच नव्हतं. १९७५ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये जॉन मूडी यांनी हँग ग्लायडरला, म्हणजे माणूस लटकून उडतो त्या बिनइंजिनाच्या पंखाला, गो-कार्टचं, जेमतेम बारा अश्वशक्तीचं इंजिन जोडलं आणि गोठलेल्या तळ्यावरून उड्डाण केलं. पुढे हौशी मंडळींनी बर्फावरच्या गाड्यांची इंजिनं उचलली. ऑस्ट्रियाची रोटॅक्स कंपनी स्की-डू या बर्फगाड्यांना इंजिनं पुरवायची. १९७० मध्ये स्की-डू बनवणाऱ्या बॉम्बार्डिएनं ती विकतच घेतली. तिचं ५०३ हे इंजिन ४९७ सीसीचं, दोन सिलिंडरचं, पन्नासेक अश्वशक्तीचं. ते अल्ट्रालाइटवाल्यांचं लाडकं झालं.

कारण वजन. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, तेलाची टाकी खाली लोंबत नाही, आणि क्रँकच्या दर फेऱ्याला एक स्फोट. १९८२ मध्ये अमेरिकेनं अल्ट्रालाइटसाठी नियम केले, त्यात बिनइंधनाचं विमान ११५ किलोच्या आत बसवायचं होतं. त्या हिशेबात फोर-स्ट्रोक, म्हणजे व्हॉल्व्ह-कॅमशाफ्टवालं, दोन फेऱ्यांना एक स्फोट करणारं जड इंजिन बसवणं कठीणच.

हलकेपणाची किंमत मात्र होतीच. हे इंजिन अचानक बंद पडू शकतं, असा इशारा खुद्द रोटॅक्स आपल्या पुस्तिकेत छापत आली. आपल्याकडे होडीच्या पाठीला लावलेलं टू-स्ट्रोक मशीन भर समुद्रात रुसलं, तर निदान नांगर टाकून बसता येतं. आकाशात ती सोय नाही. म्हणून उतरायला मोकळी जागा सतत नजरेत ठेवून उडायचं.

१९८९ मध्ये रोटॅक्सचं ९१२ आलं, ऐंशी अश्वशक्तीचं फोर-स्ट्रोक, आणि दोन आसनी विमानं हळूहळू त्याच्याकडे वळली. पाठीवर इंजिन बांधून पॅराशूटसारख्या पंखाखाली उडायचं पॅरामोटर मात्र अजून बहुतेक टू-स्ट्रोकवरच चालतं. साहजिकच आहे, ओहोटीच्या घट्ट वाळूवर खाऱ्या वाऱ्याला तोंड देऊन धावत सुटायचं, तर पाठीवर पंचवीस-तीस किलोंपेक्षा जास्त ओझं कोण घेईल?