बचतीच्या वाटेवरचा मधला टप्पा

बचत करू न शकणाऱ्या माणसाला दोन प्रकारचे सल्ले हमखास मिळतात. मनोनिग्रह वाढवा, हा पहिला. हव्या असलेल्या वस्तूचे चित्र भिंतीवर लावून ती मिळाल्याची रोज कल्पना करा, म्हणजे विश्वच ती तुमच्याकडे खेचून आणील, हा दुसरा. पहिला सल्ला निरुपद्रवी असला तरी निरुपयोगी आहे, कारण मनोनिग्रह कसा वाढवायचा हे तो सांगत नाही. दुसरा मात्र उलट परिणाम करू शकतो. हीदर कॅप्स आणि गॅब्रिएले ओटिंगन यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, इच्छा पूर्ण झाल्याच्या गोड कल्पनेत रमलेल्या व्यक्तींचा सिस्टॉलिक रक्तदाब (रक्तदाबाचा वरचा आकडा) उतरलेला आढळला, म्हणजे शरीर कामाला लागण्याऐवजी सैलावले होते. ध्येय गाठल्याचे समाधान मनाला आगाऊ मिळाले, तर पाय उचलण्याचे कारणच उरत नाही.

मग माणूस उद्दिष्टाकडे चालतो तरी कशाच्या बळावर? या प्रश्नाचे मला सर्वांत आवडणारे उत्तर उंदरांपासून सुरू होते. येल विद्यापीठातील क्लार्क हल यांनी १९३२ मध्ये असा सिद्धांत मांडला की उद्दिष्ट जसजसे जवळ येते तसतशी त्याची ओढ वाढते, आणि १९३४ मध्ये त्यांनी सरळ मार्गिकेतून खाद्याकडे धावणाऱ्या उंदरांचा वेग टप्प्याटप्प्याने मोजला, तेव्हा खाद्य जवळ येईल तसे उंदीर अधिक वेगाने धावत असल्याचे दिसले. मानसशास्त्रात याला ‘गोल ग्रेडियंट’ (goal gradient, म्हणजे उद्दिष्टाकडे चढत जाणारी ओढ) म्हणतात. २००६ मध्ये रान किवेट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच गोष्ट माणसांत दाखवली: दहा कॉफी घेतल्यावर एक मोफत देणाऱ्या कार्डावर शिक्के भरत गेले, तसतसे दोन खरेद्यांमधील दिवस कमी होत गेले.

आता याचे थोडे गणित करू. समजा, बचतीचे उद्दिष्ट १०० समान हप्त्यांत विभागले आहे. पुढच्या हप्त्याचे मोल दोन प्रकारे मोजता येते: आतापर्यंत साठलेल्या रकमेच्या तुलनेत किंवा अजून उरलेल्या रकमेच्या तुलनेत. पाच हप्ते भरून झाले असतील, तर सहाव्या हप्त्याने साठा २० टक्क्यांनी वाढतो, पण उरलेल्या ९५ हप्त्यांपैकी जेमतेम एक टक्का अंतर कापले जाते. पंचाण्णव हप्ते भरून झाल्यावर चित्र नेमके उलटे होते. मिनजुंग कू आणि आयलेट फिशबाख यांच्या २०१२ मधील संशोधनाचा निष्कर्ष असा की लक्ष या दोन राशींपैकी लहान राशीकडे असेल तर प्रेरणा अधिक टिकते. सुरुवातीला ‘किती साठले’ हे पाहावे आणि शेवटाकडे ‘किती उरले’ हे पाहावे, असा त्याचा व्यावहारिक अर्थ आहे.

परंतु पन्नासाव्या हप्त्यापाशी काय होते? तिथे साठलेले पन्नास आणि उरलेलेही पन्नास, त्यामुळे कोणत्याही बाजूने पाहिले तरी पुढचा हप्ता केवळ दोन टक्क्यांचा ठरतो. एकूण हप्ते n आणि भरलेले m असतील, तर १/m आणि १/(n−m) या दोहोंपैकी मोठा अपूर्णांक m = n/२ असताना किमान होतो, आणि ते किमान मूल्य २/n असते. उत्साहाने सुरू झालेली बचत मधेच का मंदावते, याचा खुलासा स्वभावदोषाऐवजी या साध्या अपूर्णांकात शोधणे मला अधिक पटते.

n लहान केला की हा खड्डा उथळ होतो. तेच १०० हप्ते दहा-दहांच्या दहा गटांत मांडले, तर गटाच्या मध्यावरही पुढचा हप्ता २० टक्क्यांचा दिसतो. मात्र ही युक्ती फुकट मिळत नाही. किवेट्झ यांच्याच प्रयोगात कार्ड पूर्ण करून मोफत कॉफी मिळवलेली मंडळी नव्या कार्डाच्या प्रारंभी पुन्हा मंदावली होती. अनेक गट म्हणजे अनेक प्रारंभ, आणि प्रारंभी m शून्य असल्यामुळे १/m या राशीला अर्थच उरत नाही.

इथे जोसेफ नूनेस आणि झेवियर ड्रेझ यांचा २००६ मधील प्रयोग उपयोगी पडतो. मोटार धुण्याच्या केंद्रावर ३०० ग्राहकांना कार्डे दिली गेली. निम्म्या कार्डांवर आठ रिकामी घरे होती, तर उरलेल्यांवर दहा घरे असून दोन आधीच भरलेली होती. दोन्ही गटांना आठच वेळा यायचे होते, तरी पहिल्यातील १९ टक्के आणि दुसऱ्यातील ३४ टक्के ग्राहकांनी कार्ड पूर्ण केले. यावरून मी काढलेले अनुमान असे: एक गट संपेल त्याच दिवशी पुढच्या गटातला पहिला हप्ताही भरून टाकावा, म्हणजे रिकाम्या पानाला सामोरे जावेच लागणार नाही.

या साऱ्याला एक मर्यादा आहे. उंदराने कापलेले अंतर परत जात नाही. साठवलेला पैसा मात्र काढून खर्च करता येतो, आणि उद्दिष्ट जवळ आले की साठाही मोहात पाडण्याइतका मोठा झालेला असतो. फिलिपीन्समधील एका बँकेच्या ग्राहकांवर नावा अश्रफ, डीन कार्लन आणि वेस्ली यिन यांनी केलेल्या अभ्यासात याच बाजूचा विचार होता. ग्राहकाने स्वतः ठरवलेली तारीख किंवा रक्कम गाठेपर्यंत पैसे काढता येणार नाहीत, असे खाते काहींना देऊ केले गेले. त्यावर जादा व्याज नव्हते, तरीही देऊ केलेल्यांपैकी २८ टक्के लोकांनी ते उघडले. वर्षभरानंतर, ज्यांना हे खाते देऊ केले होते त्या संपूर्ण गटाच्या सरासरी शिल्लकीतील वाढ तुलनेच्या गटापेक्षा ८१ टक्केबिंदूंनी अधिक होती.