जॉर्जियात मामा म्हणजे बाप

जॉर्जिया म्हणजे अमेरिकेतलं राज्य नाही हां, कॉकेशसच्या डोंगरात काळ्या समुद्राला लागून असलेला तो छोटासा देश. तिथली पोरं बापाला म्हणतात 'मामा' आणि आईला म्हणतात 'देदा'. व्हॉट्सअ‍ॅपवरची गंमत नाही ही, खरंच तसं आहे, चर्चमधल्या फादरलाही तिथे मामाच म्हणतात. आणि हे दोन शब्द कळले की त्या भाषेतले पुढचे शब्द आपोआप उलगडायला लागतात: कोंबडा म्हणजे 'मामाली', मातृभाषा म्हणजे 'देदाएना', पृथ्वी म्हणजे 'देदामित्सा' (मित्सा म्हणजे माती), आणि सख्खं भावंड म्हणजे 'देदमामिश्विली', आई-बापाचं लेकरू. आपल्याला 'मामाली' ऐकून हसू येतं, पण आपण घरातल्या कुठल्या माणसाला मामा म्हणतो हे ऐकून त्यांनाही येत असणारच की.

बरं जॉर्जियन एकटीच अशी उफराटी आहे असंही नाही. ऑस्ट्रेलियाच्या मधल्या वाळवंटात पिचंचाचारा नावाची भाषा बोलतात, तिथेही 'मामा' म्हणजे बापच. उलट पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिलीत मामा म्हणजे आई, चिनीतही आई, इंग्रजीत तर आहेच. आणि मराठी, हिंदी, बंगाली, कन्नड, तमिळ घेतलं तर आईचा भाऊ. 'बाबा'ची गत अजून भारी आहे, तुर्कीत आणि स्वाहिलीत आपल्यासारखाच बाप, पण रशियनमध्ये बाबा म्हणजे बाई (तेही जरा अडाणी, गावंढळ या सुरात) आणि जपानीत म्हातारी.

यातल्या बऱ्याचशा भाषांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. जॉर्जियन वेगळ्या घराण्यातली, स्वाहिली आफ्रिकेतल्या बांटू घराण्यातली, चिनी तिसरीकडची, तमिळ-कन्नड द्रविड. मग सगळ्यांकडे हाच आवाज कुठून आला?

तर याचं उत्तर रोमान याकोब्सन या भाषाशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये मांडलं. मूळचा मॉस्कोचा, नंतर अमेरिकेत स्थायिक झालेला माणूस. त्याच्याआधी जॉर्ज मर्डॉक या मानववंशशास्त्रज्ञाने जगभरच्या भाषांमधून आई आणि बाप यांच्यासाठीचे १०७२ शब्द गोळा केले होते आणि त्यात दिसलं असं की आईच्या शब्दांपैकी साधारण ५५ टक्के शब्दांत म, न असले नाकातून निघणारे आवाज आहेत, बापाच्या शब्दांत मात्र फक्त १५ टक्के. एवढा फरक योगायोगाने पडत नाही. याकोब्सनचं म्हणणं असं की बाळ दूध पीत असतं तेव्हा तोंड बंद असतं, त्यामुळे त्या वेळी त्याला आवाज काढायचाच तर तो नाकातूनच निघणार, म्हणजे 'म्म्म्' असा. हळूहळू दूध समोर दिसलं की, मग भूक लागली की, मग नुसतं काही हवं असलं तरी तोच आवाज निघायला लागतो, आणि दूध देणारी बाई समोर असतेच, त्यामुळे तिला वाटतं मलाच हाक मारली. आपण बाळाच्या खाण्याला 'मंमं' म्हणतो ना, जपानी आयासुद्धा बाळाच्या भाताला 'मम्मा' म्हणतात.

शिवाय म, ब, प हे आवाज काढायला बाळाला फार काही करावं लागत नाही, ओठ मिटायचे आणि उघडायचे बस, उघडले की 'आ' येतोच. क किंवा र ला जीभ नेमकी जागेवर न्यावी लागते, ते नंतर जमतं. सहा-सात महिन्यांचं पोर 'बाबाबा मामामा' करत बसतं तेव्हा त्याच्या डोक्यात कोणीच नसतं, अर्थ चिकटवतात ती आजूबाजूची मोठी माणसं. जॉर्जियात 'मामा' हा आवाज बापाला चिकटला, आपल्याकडे आईच्या भावाला, एवढाच काय तो फरक. (आणि आपल्या 'आई'त तर व्यंजनच नाही, त्यामुळे मर्डॉकच्या उरलेल्या ४५ टक्क्यांत आपण.)

आता आपला मामा. मला या सगळ्यात हाच सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो, कारण इथे आवाज बाळाचा आणि हिशोब लग्नाचा आहे. तेलुगूत 'मामा' म्हणजे सासरासुद्धा, तमिळमध्येही तसंच, कारण मामाच्या मुलीशी लग्न करायची पद्धत, मग मामा आणि सासरा एकच माणूस व्हायचा. मराठीतही बऱ्याच समाजांत मामाची मुलगी करून घेतात, आणि जुन्या घरांमधल्या सुना सासऱ्याला 'मामंजी' म्हणायच्या, अजूनही कुठे कुठे म्हणतात. पुण्यात चौकात उभा असलेला ट्रॅफिक पोलीस मामा कसा झाला ते मात्र मला विचारू नका.

सगळीकडची बाळं हेच आवाज काढतात, यामुळे होतं काय की दोन भाषा नात्यातल्या आहेत का हे ठरवताना भाषाशास्त्रज्ञ मामा-बाबा-दादा-नाना हा सगळा गोतावळा पुराव्यातून बाहेर काढतात. 'बघा तमिळमध्ये अम्मा-अप्पा आणि कोरियनमध्ये ऑम्मा-आप्पा, म्हणजे ते लोक इथूनच गेले' असले फॉरवर्ड येतात, त्यात दम नाही तो यामुळेच. याउलट संस्कृत मातृ, लॅटिन मातेर, इंग्रजी मदर यांचं नातं पक्कं धरतात, पण ते 'मा' सारखा आहे म्हणून नाही, तर मागे लागलेला 'तृ' पितृ, भ्रातृमध्येही तसाच येतो आणि आवाजांचे बदलही नियमाने होतात म्हणून: संस्कृतात प तिथे इंग्रजीत फ, पितृ-फादर, पाद-फूट, पंच-फाइव्ह, एकदा नाही तर पुन्हा पुन्हा.

आणि जिथे बाळाचाही हात नाही असा निव्वळ योगायोगही असतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधल्या म्बाबारम या आता संपलेल्या भाषेत कुत्र्याला काय म्हणायचे? 'डॉग'. आर. एम. डब्ल्यू. डिक्सन हा भाषाशास्त्रज्ञ १९६० च्या दशकात त्या भाषेची माहिती गोळा करत होता, त्याने तिच्या शेवटच्या जाणकारांपैकी एकाला कुत्र्याचा शब्द विचारला तर हे उत्तर. कुणालाही वाटणार की इंग्रजीतून उचललाय. पण शेजारच्या यिडिनी भाषेत कुत्र्याला 'गुडागा' म्हणतात, म्बाबारममध्ये शब्दाची पहिली बाजू गळून पडायची सवय होती, शेवटचा स्वरही गेला, स्वर थोडा बदलला आणि उरला 'डॉग'. बरं इंग्रजांच्या 'डॉग'चा उगम कुठला, तर जर्मनमध्ये हुंड, डचमध्ये होंड, इंग्रजीतही आधी हाउंडच होता, आणि हा 'डॉग' मध्येच कुठून टपकला ते इंग्रजीच्या अभ्यासकांनाच अजून नीट सापडलेलं नाही. म्हणजे त्या दोघांत ऑस्ट्रेलियातल्या कुत्र्याची वंशावळ जास्त क्लिअर आहे.