गर्भातील जीवप्रवेश

गर्भात जीव केव्हा येतो आणि त्याला माणूस म्हणून केव्हापासून धरायचे, यासंबंधीचा धार्मिक व तात्त्विक वाद. खरे तर हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ते एकच समजले की पुढचा सगळा घोळ सुरू होतो.

शुक्र (पुरुषाचे बीज), शोणित (स्त्रीचे बीज) आणि जीव कुशीत एकत्र आले की त्याला गर्भ म्हणावे, असे चरकसंहिता सांगते. म्हणजे जीव आरंभापासूनच आहे. गर्भोपनिषद एका रात्रीत कलल (पातळ लगदा), सात रात्रींत बुद्बुद (बुडबुडा), पंधरवड्यात पिंड (गोळा) असे मोजत जाते आणि जीवाचा संयोग थेट सातव्या महिन्यात नेते. सुश्रुताच्या मते चौथ्या महिन्यात हृदय व्यक्त होते व चेतना प्रकटते. तेव्हापासून बाई दोन हृदयांची होते, म्हणून तिचे डोहाळे पुरवावेत, नाहीतर मूल व्यंग घेऊन जन्मते, असे तो बजावतो. पुण्यात आज थाटाने होणाऱ्या डोहाळजेवणामागे एवढे शरीरशास्त्र आहे, हे ओटी भरणाऱ्यांच्या क्वचितच ध्यानी येते. रामदासांच्या दासबोधात तर गर्भातला जीव ‘सोहं’ (तो मीच) म्हणत असतो आणि बाहेर पडताच ‘कोहं’ (मी कोण) विचारू लागतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र तत्त्वज्ञांपेक्षा सुतकाच्या नियमांत स्पष्ट मिळते. गर्भ गळाल्यास जितके महिने तितक्या रात्री अशौच, असे मनुस्मृती सांगते. चौथ्या महिन्यापर्यंत स्राव, पाचव्या-सहाव्यात पात आणि त्यानंतर प्रसूती, अशी वर्गवारी पराशरस्मृतीत येते. दोन वर्षांच्या आत गेलेल्या बाळाला अग्नी न देता पुरतात. म्हणजे माणूसपण एका क्षणात लाभत नाही, ते महिन्यामहिन्याने आणि जन्मानंतरही वाढत जाते. अशा नियमांचा पसारा पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या बृहद् इतिहासात मांडला. तो पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने प्रसिद्ध केला.

इतर परंपरांत रेघ वेगवेगळ्या ठिकाणी पडते. जैनांच्या पंचकल्याणकांत, म्हणजे तीर्थंकराच्या आयुष्यातील पाच मंगल प्रसंगांत, पहिले कल्याणक तीर्थंकर मातेच्या गर्भात येण्याचे, जन्माचे दुसरे. मुस्लिम परंपरेत रूह (आत्मा) फुंकली जाण्याची प्रचलित मर्यादा १२० दिवसांची. ज्यूंचा धर्मग्रंथ तालमूद पहिल्या ४० दिवसांतील गर्भाला केवळ पाण्यासमान मानतो. कॅथलिक चर्चमध्ये ॲरिस्टॉटलच्या आधारे सजीव व अजीव गर्भ असा भेद दीर्घकाळ होता; १८६९ मध्ये पोप नववे पायस यांनी गर्भपाताच्या शिक्षेपुरता तो काढून टाकला.

पुण्यात हा प्रश्न सर्वांत तीव्रपणे उभा राहिला तो ग्रंथांत नव्हे. १८६३ मध्ये जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. जीव कधी येतो याचा काथ्याकूट त्यांनी केला नाही; गरोदर विधवेला गुपचूप बाळंत होण्याची जागा दिली. फुले दांपत्याने दत्तक घेतलेला यशवंत अशाच एका विधवेचा मुलगा.

१९७१ च्या गर्भपात कायद्यानेही जीवारंभाची व्याख्या केलेली नाही. त्यात आठवडे आहेत: आधी कमाल मर्यादा २०, २०२१ च्या दुरुस्तीने ठरावीक गटांतील स्त्रियांसाठी २४, आणि गर्भात गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने त्यापुढेही. महाराष्ट्रात वादाला धार चढली ती गर्भलिंगनिदानामुळे. त्याविरुद्धचा कायदा राज्याने १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ चा. ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ ही पाटी सोनोग्राफी केंद्रात टांगलेली दिसते ती त्यातूनच. लिंगनिवडीसाठीच्या गर्भपाताला सरसकट खून म्हटले की कायदेशीर गर्भपाताचा हक्कही गोत्यात येतो, ही अडचण स्त्री चळवळीला तेव्हापासून सांभाळावी लागली आहे. गर्भाला हक्क केव्हापासून द्यायचा, याची तोड वारसाहक्काच्या कायद्यात आधीच निघाली होती: १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे, मृत्यूच्या वेळी पोटात असलेल्या मुलाला हिस्सा मिळतो, पण ते पुढे जिवंत जन्मले तरच.