बियोकोव्होला निघण्यापूर्वी: आपल्या सहप्रवाशांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

क्रोएशिया सहलीत मकार्स्का इथे आपला मुक्काम आहे. त्यातला एक पूर्ण दिवस बियोकोव्हो निसर्ग उद्यानासाठी राखून ठेवला आहे. समुद्रकिनाऱ्यावर आणखी एक दिवस मिळावा असं काहींना वाटेल, पण आमच्या मते सगळ्या सहलीत हाच दिवस सर्वांत मोलाचा आहे. किनाऱ्याला जवळजवळ खेटून उभा राहिलेला हा डोंगर स्वेती युरे शिखरावर १७६२ मीटर उंची गाठतो. १९८१ पासून तो संरक्षित आहे.

आधी पाण्याचं

आपल्या गडांवर कातळात खोदलेली टाकी असतात. त्यामुळे पाणी संपलं तरी वर कुठेतरी मिळेल, या भरवशावर आपण चालत राहतो. बियोकोव्होवर हा भरवसा धरू नका. हा डोंगर चुनखडीचा आहे. पावसाचं किंचित आम्लधर्मी पाणी हा दगड विरघळवत भेगांमधून खोल उतरतं, त्यामुळे भरपूर पाऊस पडूनही वर ओढा वाहत नाही. पायथ्याशी चुनखडी संपते आणि पाणी झिरपू न देणारा खडक लागतो, तिथे झरे फुटतात. जुनी गावंही त्याच पट्ट्यात वसलेली आहेत. काही पाणी तर थेट समुद्राच्या तळातून वर येतं. ब्रेलाजवळच्या व्रुल्या खाडीत असे झरे आहेत.

थोडक्यात, माणशी किमान दोन लिटर पाणी सोबत हवंच. चालणार असाल तर तीन.

वरचं पठार खळग्यांनी भरलेलं आहे. काही खड्डे इतके खोल की हिवाळ्यातला बर्फ त्यांच्या तळाशी उन्हाळ्यातही टिकतो. फ्रीज येण्याआधी इथली माणसं तो बर्फ फोडून किनाऱ्यावरच्या गावांत नेत असत. असा खड्डा वाटेत लागला तर काठापासून लांबूनच बघा, कारण काठाचे दगड सुटे असतात.

रस्ता आणि स्कायवॉक

शिखरापर्यंतचा रस्ता सुमारे २३ किलोमीटरचा आहे आणि बराचसा एकेरी. समोरून गाडी आली की कुणाला तरी मागे घ्यावी लागते. म्हणून मोठी बस न नेता आपण लहान गाड्यांनी जातो. प्रवेशाची वेळ आधी ठरवून घ्यावी लागते आणि ती चुकवून चालत नाही. त्यामुळे सकाळी लॉबीत वेळेवर या, ही कळकळीची विनंती.

राव्ना व्लाश्का इथे, १२२८ मीटरवर, २०२० मध्ये काचेचा स्कायवॉक खुला झाला. कड्यापासून तो ११ मीटर बाहेर झेपावतो. पायाखाली कडा, समोर ब्राच आणि ह्वार ही बेटं. फोटोंची घाई करू नका, आधी डोळे भरून पाहा. उंचीची भीती वाटत असेल तर अलीकडच्या कठड्यापासूनही हा सगळा देखावा दिसतो.

वारा

जमिनीकडून समुद्राकडे कोसळणाऱ्या थंड, झोताच्या वाऱ्याला इथे 'बुरा' म्हणतात. आकाश निळंशार असतानाही तो सुटतो. वारा फार असेल तर वर जाता येत नाही. तसं झालंच तर आपण कोटिशिना गावाजवळच्या वनस्पती उद्यानात जाऊ. युरे रादिच या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी ते उभारलं. खडकातच वाढणारी इथली झाडंझुडपं तिथे निवांत पाहता येतात. शिखरावर किनाऱ्यापेक्षा दहाएक अंश थंडी असते, म्हणून जुलैतही विंडचीटर घ्या.

आणखी थोडं

चुनखडीची धार बोचरी असते. चप्पल, सँडल नकोत. जाड तळव्याचे बूट घाला. नाकावर शिंगासारखा उंचवटा असलेला विषारी साप, पोस्कोक, या भागात आढळतो. दगडांच्या फटीत हात घालू नका, दगडावर बसण्यापूर्वी नीट बघून घ्या. आपत्कालीन क्रमांक ११२. व्हिसा शेंगेनचा, चलन युरो. दोन्ही बदल १ जानेवारी २०२३ पासूनचे, त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबू नका. वर खाण्याची फारशी सोय नाही, म्हणून खाकरे, चिक्की, सुका मेवा पिशवीत असू द्या.

गुडघेदुखी असेल, घाटात गाडी लागत असेल किंवा हृदयाचं औषध चालू असेल, तर निघण्याच्या आठवडाभर आधी आम्हाला कळवा. पुढची सीट आणि कमी चालण्याचा पर्याय त्याप्रमाणे राखून ठेवता येतो.