पार्श्वभूमी : बागेची जमीन, सर्व्हे नंबर आणि हरकतीची मुदत

नोव्हेंबर २०२५ मध्ये तपोवनातल्या झाडांसाठी नाशिककर रस्त्यावर उतरले. सिंहस्थाचं साधुग्राम, म्हणजे साधूंच्या मुक्कामाची वसाहत, उभारायला तिथली सुमारे अठराशे झाडं काढण्याचा महापालिकेचा प्रस्ताव होता. राग झाडांसाठी होताच, पण त्यामागे एक जुनी ठसठस होती. गावातल्या मोकळ्या जागेचं काय ठरलं, हे गावालाच सगळ्यांत शेवटी कळतं.

याचं मूळ कागदांत सापडतं. उद्यान, मैदान यांची आरक्षणं, म्हणजे कुठली जमीन कशासाठी राखायची ते, विकास आराखड्यात म्हणजे डीपीत पडतात आणि डीपी ठरतो १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमानुसार. त्यात किरकोळ फेरबदल करायचा, तरी कलम ३७ खाली जाहीर सूचना काढून महिनाभर हरकती मागवाव्या लागतात. मुदत पुरेशी आहे, पण सूचनेची भाषा बघा : ‘मौजे अमुक, स. नं. तमुक पैकी, आरक्षण क्रमांक अमका’. पोरं रोज क्रिकेट खेळतात त्या मैदानाचा सर्व्हे नंबर त्यांच्या आईबापांना कुठून माहीत असणार? महापालिकेच्या मुख्यालयात, राजीव गांधी भवनात, हरकतीच्या प्रतीवर आवकचा शिक्का मारून घ्यायला मग जमीनमालक पोचतात, बिल्डर पोचतात, आणि सवय असलेली दोन-चार जागरूक माणसं.

दुसरी गाठ पैशांची. आरक्षण पडलं म्हणून बाग होत नाही, जमीन पालिकेनं घ्यावी लागते. दहा वर्षांत घेतली नाही, तर कलम १२७ नुसार मालक खरेदीची नोटीस बजावू शकतो, आणि त्यानंतरही पालिका मुदतीत हलली नाही की आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. मालकाची तक्रारही खोटी नाही, त्याला वर्षानुवर्षं त्या जागेवर काही करता येत नाही. शेजाऱ्यांना मात्र हे सारं पत्र्याचं कुंपण पडल्यावर कळतं.

नाशिकमध्ये याचा अनुभव जुना आहे. १९८२ मध्ये महापालिका झाली तेव्हा नाशिक, नाशिकरोड-देवळाली, सातपूर आणि भोवतालची खेडी एकत्र आली. मळ्यांच्या जागी ले-आउट पडले, त्यांत खुल्या जागा सुटल्या, आणि काहींवर पुढे देवळं, सभामंडप उभे राहिले. २०१३ च्या प्रारूप आराखड्यावर आरक्षणांवरून एवढा गदारोळ झाला, की नवा आराखडा करावा लागला. त्याला मंजुरी मिळाली २०१७ मध्ये. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपून प्रशासक आले आणि ‘आपल्या वॉर्डात काय चाललंय’ हे विचारायचं दारच बंद झालं. माझ्या मते तपोवनाचा भडका उडायला हेही एक मोठं कारण होतं.

१९७५ च्या वृक्ष कायद्यानुसार तोडीआधी वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची आणि झाडावरही नोटीस लावायची. हरकतीला दिवस मिळतात सात. तपोवनासाठी या मुदतीत शेकडो हरकती गेल्या. मग प्रशासनाकडून मोठी, जुनी झाडं वाचवू, असं सांगणं सुरू झालं. तेवढ्यात त्याच परिसरात कायमस्वरूपी प्रदर्शन केंद्र उभारायची निविदा निघाल्याचं बाहेर आलं, आणि प्रश्न झाडांवरून जमिनीवर गेला : साधू गेल्यावर ही जागा कोणाची?

बंगळुरात उद्यानाची जागा खासगी रुग्णालयाला देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये बेकायदा ठरवला होता. त्या जागेसाठी कोर्टात गेले होते ते आसपास राहणारे लोकच. तपोवनाचं प्रकरणही राष्ट्रीय हरित लवादापुढे गेलं आणि डिसेंबरमध्ये तोडीला अंतरिम स्थगिती मिळाली.